पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही : वेब अ‍ॅप्लिकेशन बांधताना नेमकं काय बांधतात?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी व्यनि (वैयक्तिक निरोप) करून मला एकच गोष्ट विचारली: रिअ‍ॅक्ट शिकू की अँग्युलर, जावा धरू की पायथन? (पहिली दोन पडद्यावरचा भाग बांधायची साधनं, दुसऱ्या दोन प्रोग्रॅमिंगच्या भाषा.) विचारणाऱ्यांत बी.कॉम. झालेले आहेत, मेकॅनिकलचे आहेत, बँकेतली नोकरी सोडून इकडे वळू पाहणारेही आहेत. क्लासच्या जाहिरातीत 'फुल स्टॅक' (पडद्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं काम) या नावाखाली दहा-बारा नावं ओळीने छापलेली असतात. ती सगळी पाठ झाली की वेब अ‍ॅप्लिकेशन बांधता येईल असं वाटणं साहजिक आहे. माझं मत वेगळं आहे, ते सविस्तर मांडावं म्हणून हा धागा.

या कामाचा गाभा मला एकाच प्रश्नात दिसतो: विचारलेल्याचं उत्तर आलंच नाही, तर पुढे काय? तंत्रज्ञान, चाचण्या, कामाची पद्धत, सगळं या प्रश्नासमोर धरून पाहा. कशाची गरज का पडते ते कळायला लागतं.

उदाहरण घेऊ. एका नाट्यगृहाची तिकीटविक्री ऑनलाइन करायची आहे. प्रेक्षक रविवारच्या प्रयोगाची ई रांगेतली १२ नंबरची खुर्ची निवडतो, यूपीआयने पैसे भरतो, तिकीट मोबाइलवर येतं. आता हा प्रेक्षक पुण्याच्या गाडीत आहे. कर्जत सुटलं, घाट लागला, त्याने 'पैसे भरा' दाबलं आणि गाडी बोगद्यात शिरली.

फोनला आता काय माहीत आहे? कदाचित विनंती सर्व्हरपर्यंत, म्हणजे नाट्यगृहाच्या संगणकापर्यंत, पोचलीच नसेल. कदाचित पोचली असेल, खुर्ची नोंदली गेली असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा सर्व्हर अजून कामात असेल. तिन्ही वेळा पडद्यावर तेच गोल फिरत राहतं, आणि फोनकडे यातलं खरं काय ते ओळखण्याचा कुठलाही मार्ग नाही. बोगद्याबाहेर आल्यावर प्रेक्षक काय करणार? पुन्हा दाबणार. कोणीही तेच करेल.

बटण दाबल्यावरचा प्रवास थोडक्यात सांगतो. ब्राउझर डीएनएसला (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीला) सर्व्हरचा पत्ता विचारतो, जोडणी करतो, टीएलएसने ती सुरक्षित होते आणि त्यातून एचटीटीपीची (वेबवर विचारायच्या-सांगायच्या ठरलेल्या पद्धतीची) विनंती जाते: एक क्रियापद, एक पत्ता, काही हेडर (विनंतीबद्दलची माहिती), हवा असेल तर मजकूर. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ती वाचतो, डेटाबेसशी बोलतो आणि एका सांकेतिक आकड्यासह उत्तर देतो. २०० म्हणजे झालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरकडे गडबड. उत्तरच आलं नाही तर मात्र कुठलाच आकडा नसतो.

दुसऱ्यांदा आलेली विनंती पहिल्याच माणसाची आहे हे सर्व्हरला आपोआप का कळत नाही, याचं मूळ इतिहासात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडलेली कल्पना कागदपत्रं एकमेकांना जोडण्याची होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. कागद दाखवताना मागच्या वेळी काय दाखवलं ते लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून एचटीटीपीत प्रत्येक विनंती सर्व्हरला नवी असते. दुकान मांडायचं तर गिऱ्हाईक ओळखावं लागतं. त्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवायची ओळखीची चिठ्ठी, आणली. १९९५ मध्ये तिथेच ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरशी बोलायची सोय आली, आणि २००४ चं जीमेल व २००५ चं गूगल मॅप्स पाहिल्यावर या सोयीतून काय करता येतं ते जगाला दिसलं. आज ज्यांची नावं जाहिरातीत असतात ती फ्रेमवर्क, म्हणजे बांधकामाचे तयार सांगाडे, या वळणानंतरची.

पुन्हा आपल्या प्रेक्षकाकडे. एचटीटीपीच्या क्रियापदांपैकी 'गेट'ने फक्त वाचायचं असतं, 'पुट' आणि 'डिलीट' पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहावा असा नियम आहे. 'पोस्ट'ला, म्हणजे फॉर्म भरून पाठवण्याच्या क्रियापदाला, असं संरक्षण नाही. पान रिफ्रेश करताना ब्राउझर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?' असं विचारतो ते याचसाठी. आपलं 'पैसे भरा' हे पोस्ट आहे. मग संरक्षण आपणच बांधायचं. पैसे भरण्याचं पान उघडतानाच सर्व्हर त्या व्यवहाराला एक खूणक्रमांक देतो. बटण कितीही वेळा दाबलं तरी तोच क्रमांक जातो. डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर 'एक क्रमांक एकदाच' असं बंधन असतं. तोच क्रमांक पुन्हा आला की नवं काम करायचं नाही, आधीचंच उत्तर परत पाठवायचं.

दुसरा प्रश्न: त्याच क्षणी ठाण्यात कोणीतरी तीच ई १२ निवडली तर? बरेच नवशिके आधी 'खुर्ची मोकळी आहे का' वाचतात आणि मग 'राखीव' लिहितात. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा माणूस शिरतो. त्याऐवजी डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायचं: ई १२ राखीव कर, पण ती आत्ता मोकळी असेल तरच. मग किती ओळी बदलल्या ते पाहायचं. १ आलं तर खुर्ची तुमची, ० आलं तर दुसऱ्याने घेतली. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल (माहिती तक्त्यांत ठेवायच्या) पद्धतीवर उभे राहिलेले डेटाबेस हे काम इतकं चोख करतात की ते स्वतः लिहायच्या भानगडीत कोणी पडू नये.

पैशांचा भाग मुद्दाम सोडलाय, इथे त्यातले जाणकार आहेत. प्रश्न जरूर विचारा.

---

सायली_नगर

दादा, खूप आभार. मी बी.कॉम. आहे, एचटीएमएल आणि सीएसएस थोडंफार येतं, जावास्क्रिप्ट सुरू केलंय. खूणक्रमांकाचं समजलं. पण पैसे तर बँकेतून जातात ना? बँकेने कापले आणि आपल्या सर्व्हरला कळलंच नाही, तर खूणक्रमांक काय करणार?

---

हिशेबनीस

सायली, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. माझं रोजचं काम हेच आहे म्हणून लिहितो.

नाट्यगृहाचा सर्व्हर, पेमेंट गेटवे (पैशांचा व्यवहार पुढे नेणारी मधली कंपनी), आणि यूपीआयमागची प्रेक्षकाची व नाट्यगृहाची बँक, हे सगळे आपापली वही वेगळी लिहितात. मधली कुठलीही तार तुटली की एका वहीत नोंद असते, दुसरीत नसते. म्हणून व्यवहाराला 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' या दोनच अवस्था ठेवल्या तर फसगत ठरलेली. तिसरी हवीच: 'अजून कळलेलं नाही'. पडद्यावरही तसंच प्रामाणिकपणे लिहावं. "व्यवहार फसला, पुन्हा प्रयत्न करा" असं घाईने दाखवलं की माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो.

ही तिसरी अवस्था सोडवायला दोन वाटा. गेटवे स्वतःहून आपल्या सर्व्हरला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो, आणि कोणीतरी खोटा निरोपही पाठवू शकतो. म्हणून त्याची सही तपासायची आणि वर सांगितलेला खूणक्रमांक इथेही वापरायचा. दुसरी वाट म्हणजे आपण होऊन दर काही मिनिटांनी गेटवेला विचारायचं: या क्रमांकाचं काय झालं?

एवढं करूनही रात्री दोन्ही याद्या समोरासमोर ठेवाव्याच लागतात. तू अकरावीला पुस्तपालनात बँक जुळवणी पत्रक केलं असशील. रोख पुस्तकात नोंद आहे पण पासबुकात नाही, किंवा उलट. इथे हुबेहूब तेच काम चालतं, फक्त प्रोग्रॅम करतो. वाणिज्य शाखेची मुलं हा भाग फार पटकन उचलतात, हे मी टीममध्ये पाहिलंय. तेव्हा बी.कॉम. असल्याचं दडपण घेऊ नकोस.

---

मोकळा_वेळ

उत्तम धागा. हिशेबनीस, एक शंका. पैसे येईपर्यंत खुर्ची दहा मिनिटं धरून ठेवली, वेळ संपली म्हणून सोडली, ती दुसऱ्याने घेतली, आणि अकराव्या मिनिटाला पहिल्याचे पैसे आल्याचा निरोप आला. आता?

---

हिशेबनीस

याचं उत्तर प्रोग्रॅमरने द्यायचं नसतं. पैसे परत करायचे, की शेजारची खुर्ची द्यायची, की फोन करून विचारायचं, हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने ठरवायचं. आपलं काम म्हणजे हा प्रश्न त्यांच्यापुढे आधी ठेवणं. गरजा समजून घेणं म्हणतात ते मला तरी असंच दिसतं. बटणाचा रंग कोणीही सांगतं. अकराव्या मिनिटाचा प्रश्न आपण काढला नाही तर तो कुठल्याच कागदावर येत नाही आणि थेट प्रयोगाच्या दिवशी दारात उभा राहतो.

---

पडताळा

मी टेस्टिंगमध्ये आहे. हिशेबनीस यांना पूर्ण अनुमोदन, आणि इथे कामाच्या पद्धतीबद्दल थोडं लिहावंसं वाटतं.

या विषयाचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथल्या सरकारने आरोग्यविमा घेण्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची. कंत्राटदार डझनावारी, प्रत्येकाचा तुकडा वेगळा, आणि सगळे तुकडे जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंतची चाचणी अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत सुरू झालेली. त्यातच विम्याच्या योजना नुसत्या बघायच्या तरी आधी खातं उघडणं भाग होतं. त्यामुळे सगळी गर्दी पहिल्याच दारावर, खातं उघडण्याच्या सेवेवर आदळली.

पुढे बाहेरून आलेल्या लहानशा गटाने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी आधी यंत्रणेत काय चाललंय ते दिसेल असे मोजमापाचे फलक लावले. तोवर कुठे काय अडतंय ते एका जागी पाहायची सोयच नव्हती. मग रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवून, ज्याला तो प्रश्न नीट माहीत असेल त्यानेच बोलायचं, हुद्दा बाजूला, असा नियम केला. काही आठवड्यांत संकेतस्थळ चालू लागलं.

वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण संपवून मग पुढचा) आणि अजाइल (थोडं थोडं बांधून दाखवत पुढे जाणं) या कामाच्या पद्धतींवर क्लासमध्ये परीक्षेसाठी दोन रकाने पाठ करून घेतात. २००१ मध्ये यूटामध्ये १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला हेही पाठ होतं. मला त्यातलं कामाचं वाटतं ते एवढंच: पहिल्या पंधरवड्यातच एक खुर्ची, एक प्रेक्षक, एक खरा रुपया, असा एक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवून दाखवा. पडदे कितीही ओबडधोबड असू देत. जोडण्या कुठे कच्च्या आहेत ते त्याच दिवशी कळतं.

आणि चाचणी करताना मुद्दाम तार तोडा. पैसे भरल्यावर लगेच फोन विमान मोडवर टाका. दोन ब्राउझरमध्ये एकच खुर्ची दाबा. गेटवेचा निरोप तीनदा पाठवा. 'सगळं सुरळीत झालं तर' ही चाचणी सगळेच करतात.

---

देवनागरीप्रेमी

एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. तिकिटावर प्रेक्षकाचं नाव मराठीत छापायचं असेल तर?

'क्षितिज' घ्या. वाचणाऱ्याला ३ अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये (लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक संकेत देणाऱ्या पद्धतीत) ते ७ संकेत आहेत (क, हलन्त, ष, पहिली वेलांटी, त, पहिली वेलांटी, ज), आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागत असल्याने साठवताना २१ बाइट होतात. फॉर्मवर 'नाव २० पेक्षा मोठं नको' असं लिहिणाऱ्याने यातलं काय मोजलं, ते त्यालाच विचारावं लागतं. चुकीच्या जागी कापलं तर वेलांटी किंवा अर्धं अक्षर लोंबकळत राहतं, आणि बाइटवर कापलं तर चौकोन छापला जातो.

शोधाचंही तेच. 'कऱ्हाडकर' मधला ऱ एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण डेटाबेसला ती दोन वेगळी आडनावं. दारावरच्या माणसाने नाव टाकलं आणि यादीत सापडलं नाही, तर प्रेक्षक बिचारा तिकीट घेऊन बाहेर उभा. म्हणून साठवण्याआधी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणायचा. जवळपास प्रत्येक भाषेत युनिकोड नॉर्मलायझेशनची तयार सोय आहे, एका ओळीचं काम आहे.

मराठी लोकांसाठी मराठी लोकांनीच बांधलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्येही हे राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. चाचणीसाठी सगळे 'टेस्ट टेस्ट' असंच नाव टाकतात. एकदा कुऱ्हाडे, क्षीरसागर, ज्ञानेश्वरी, ऋतुजा अशी नावं टाकून पाहा.

---

घाटवाट

देवनागरीप्रेमी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. सुरक्षेबद्दल कोणी लिहिल का?

---

कडीकुलूप

लिहितो. मोठा विषय आहे, दोनच गोष्टी सांगतो.

तिकीट काढल्यावर ब्राउझरमधल्या पत्त्यात शेवटी तिकिटाचा क्रमांक दिसतो, समजा ४५११. तो बदलून ४५१२ केला आणि दुसऱ्याचं तिकीट, नाव, फोन नंबर दिसला, तर अ‍ॅप्लिकेशन फुटलं. यासाठी हॅकर लागत नाही. ओवास्प ही संस्था वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या धोक्यांची यादी काढते, २०२१ च्या यादीत याच जातीची चूक पहिल्या क्रमांकावर होती. लॉगिन तपासणं पुरत नाही, 'या माणसाला हीच वस्तू पाहायचा हक्क आहे का' हे प्रत्येक विनंतीला तपासायचं, आणि ते सर्व्हरवर. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, तिच्यावर भरवसा टाकायचा नाही. तिकिटाचा दरसुद्धा ब्राउझरकडून घ्यायचा नाही, सर्व्हरने स्वतः काढायचा.

दुसरं, वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जोडून डेटाबेसची आज्ञा कधीच तयार करू नका. आज्ञा वेगळी, मूल्यं वेगळी पाठवा. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे मजकुरातून डेटाबेसमध्ये आज्ञा घुसवणं, १९९८ पासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि आजही सापडतं, कारण शिकवणारे पहिल्या धड्यात मजकूर जोडूनच दाखवतात.

---

साधंसरळ

माझा एक विरोधी सूर. आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाला रिअ‍ॅक्ट कशाला? सर्व्हरवर पानं तयार करणारी साधनं जुनीच आहेत: जँगो २००५ पासून आहे, रेल्स २००४ पासून. सर्व्हरनेच एचटीएमएल तयार करून पाठवलं की काम झालं. स्वस्त अँड्रॉइड फोनवर दोन-दोन एमबी जावास्क्रिप्ट उतरवायला लावणं हा वापरणाऱ्यांवर अन्याय आहे. तालुक्याच्या गावात नेटवर्क कसं असतं ते आपण सगळे जाणतो.

---

घाटवाट

साधंसरळ, बराचसा सहमत. खुर्च्यांचा नकाशा तेवढा जावास्क्रिप्टने करावा, कारण तिथे खुर्ची गेली की लगेच दिसायला हवं. बाकी पानं सर्व्हरवरूनच यावीत. मोठ्या टीमला रिअ‍ॅक्टचा फायदा होतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते विचारतात हेही खरं. पण एकट्याने बांधताना मी तुमच्याच वाटेने जाईन.

गर्दीबद्दल दोन शब्द. आयआरसीटीसीचं ऑनलाइन आरक्षण २००२ मध्ये सुरू झालं तेव्हा तिकीट कुरिअरने घरी येत असे. आज वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी १० ला आणि बिगर-वातानुकूलितचं ११ ला उघडतं, म्हणजे गर्दी दिवसभर न पसरता ठरलेल्या मिनिटाला येते. अशा वेळी नुसते सर्व्हर वाढवून भागत नाही, कारण सगळ्यांची धाव शेवटी त्याच थोड्या बर्थवर, म्हणजे डेटाबेसमधल्या त्याच ओळींवर असते. वाचणाऱ्यांना कॅशमधून (हाताशी ठेवलेल्या प्रतीतून) उत्तर द्यायचं, किंचित शिळं असलं तरी चालतं. विकत घेणाऱ्यांना मात्र रांगेत लावून डेटाबेसपर्यंत मोजकेच सोडायचे. नामांकित नाटकाचं बुकिंग उघडतं तेव्हा आपल्या नाट्यगृहाचंही लहान प्रमाणात असंच होणार.

---

सायली_नगर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता नेमकी सुरुवात कुठून करू? क्लास लावायच्या आधी घरी काही करून पाहता येईल का?

---

घाटवाट

येईल. कागदावर खुर्चीच्या अवस्था लिही: मोकळी, धरलेली, विकलेली. एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण काढ आणि प्रत्येक बाणाशेजारी लिही, हा बदल कोण करतं आणि मध्येच तार तुटली तर काय राहतं. मग पोस्टग्रेस हा डेटाबेस उतरवून घे, फुकट आहे. एक तक्ता, पाच खुर्च्या. त्याच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघड. दोन्हींत ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र पक्कं किंवा सगळं रद्द होणारं काम) सुरू कर आणि दोन्हींतून ई १२ 'मोकळी असेल तरच' राखीव करून पाहा. काय दिसतं ते इथे लिही. गिटही (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) आजपासूनच वापर, एकटी असलीस तरी.

---

सायली_नगर

केलं! पहिल्या खिडकीत लगेच १ ओळ बदलली असं आलं. दुसरी खिडकी अडकूनच बसली. पहिलीत कमिट (पक्कं कर) दिल्याबरोबर दुसरीत ० आलं. मग परत पहिल्यापासून केलं आणि पहिलीत रोलबॅक (उलटव) दिलं, तर दुसरीत १ आलं. म्हणजे ती पहिलीच्या निकालाची वाट पाहत होती!

पण मग पहिल्या खिडकीने कमिटही दिलं नाही आणि रोलबॅकही नाही, तर दुसरी किती वेळ थांबेल?

---

हिशेबनीस

पहिली खिडकी नीट बंद केलीस तर पोस्टग्रेस तिचं काम उलटवतं आणि दुसरी सुटते. पण पहिलीचं यंत्रच अचानक नेटवर्कवरून गायब झालं, तर पोस्टग्रेसला बराच वेळ त्याचा पत्ता लागत नाही. आता उत्तराची वाट पाहणारा सर्व्हर आहे. ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून गप्प बसलेली जोडणी ठरलेल्या वेळाने तोडायची सेटिंग पोस्टग्रेसमध्ये आहे, ती लावायची. आणि म्हणूनच प्रेक्षक पैसे भरेपर्यंत ट्रान्झॅक्शन कधीही उघडी ठेवायची नाही. खुर्ची 'धरलेली' कर, ओळीतच 'कधीपर्यंत धरलीय' ती वेळ लिही आणि लगेच कमिट. पैशांचा निरोप आला की दुसरी, वेगळी ट्रान्झॅक्शन. तुझ्या तक्त्यात तो वेळेचा रकाना घालून आता ठाण्याच्या प्रेक्षकाकडून करून बघ.